दौलताबादची मोसंबी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचोडचं काम वैशालीला गेलं. मुळे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम बघतील. साळवे, तुम्ही त्यांना मदत करा."

मदत. मी करायची. मोसंबीच्या बागा नकाशावर उतरवण्यात माझे केस पांढरे झाले. स्क्रीनवर एकेका बागेभोवती माउसनं रेघ मारायची, मग उन्हात जाऊन बांधावर उभं राहून खात्री करायची. मनगट अजून दुखतं. आणि ही वैशाली, आमची बायको, मार्चपर्यंत क्लासमध्ये बारावीच्या पोरांना गणित शिकवत होती. ऑफिसात जागा निघाली तेव्हा सरांच्या कानावर तिचं नाव कुणी घातलं? मीच.

घरी "अहो", ऑफिसात "साळवे सर". आज सर म्हणाली तेव्हा हसतेय की काय असं वाटलं. हसत नव्हती. तेही टोचलंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काम तसं सरळ. पाचोडच्या शेतकरी कंपनीला पैठण तालुक्यापासून इकडं दौलताबादपर्यंत मोसंबी कुठंकुठं आहे ते हवंय. जिथं बागा दाट, तिथं माल गोळा करायचं नवं केंद्र टाकणार. मी म्हटलं, पूर्ण हंगाम लागेल. वै. म्हणाली, "आठवड्यात बघू."

तिचं ते एम्बेडिंग. नेटवर फुकट मिळतं, कुणीही घ्यावं. कुठल्यातरी मॉडेलनं उपग्रहाचे वर्षभराचे फोटो आधीच पचवून ठेवलेत आणि जमिनीच्या दहा मीटर बाय दहा मीटरच्या प्रत्येक तुकड्याला चौसष्ट आकडे देऊन टाकलेत. सारख्या जमिनीचे आकडे सारखे. आपण फक्त थोडी ठिकाणं दाखवायची, ही मोसंबी, ही नव्हे. बाकीची जमीन कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून ओळखतो.

मी खवचटपणे विचारलं, "यातला सतरावा आकडा म्हणजे काय? हिरवेपणा? ओल?" माझ्या पद्धतीत प्रत्येक आकड्याला अर्थ असतो. मी कुणालाही समजावून सांगू शकतो.

"एकट्या आकड्याला काय अर्थ नसतो हो."

"मग बरोबर आहे का चूक, कळणार कसं?"

ती फोडणी देत होती. वळून न बघताच म्हणाली, "काळा मसाला वाटल्यावर त्यातलं दगडफूल निवडून दाखवता येतं का? पण वास घेतला की घरचा का बाजारचा, कळतंच ना."

उत्तर चांगलं होतं, म्हणून जास्त राग आला. भाजी मात्र दोनदा घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वै.नं पॉइंट मागितले. म्हणजे मी बांधाबांधावर जाऊन मोबाइलवर मारलेल्या खुणा. इथं मोसंबी, इथं कापूस, इथं ऊस, इथं तूर. त्याशिवाय तिचे चौसष्ट आकडे मुके. हे तिनं स्वतःच सरांना सांगितलं, "साळवे सरांचे पॉइंट नसतील तर माझं काहीच चालणार नाही." सर म्हणाले, "हो हो, ते आहेच."

ते आहेच! जसा काही फॅनच आहे वर लटकलेला.

पाचोडकडचे सगळे दिले.

"अजून आहेत का? दौलताबाद साइडचे?"

"आहेत तेवढे दिले."

आहेत. गेल्या हिवाळ्यात दौलताबादला एक काम निघालं होतं, तेव्हा तिथल्या पेरूच्या नि सीताफळाच्या बागा पालथ्या घातल्या होत्या. काम मध्येच बंद पडलं, सर विसरून गेले. वै.ला तेव्हा क्लासमधून मान वर करायला फुरसत नव्हती. मी "फील्डला जातो" म्हणायचो, ती "डबा घ्या" म्हणायची. तेवढंच. फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे.

का दिली नाही? नाही दिली. माझी आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नकाशा झाला सुद्धा.

काही पॉइंट बाजूला ठेवून त्यांच्यावर तिनं नकाशाची परीक्षा घेतली. मेरिटचे मार्क. सर खुर्चीतून उठून तिच्या टेबलापाशी आले. माझ्या टेबलापाशी सर कधी आले होते ते आठवत बसलो. एकदा आले होते, प्रिंटर बिघडला तेव्हा.

रफिकभाई चहा ठेवता ठेवता म्हणतो, "मॅडमने तो कमाल कर दी साब. अब आपका टेन्शनच खतम." चहा तसाच राहिला.

येताना गाडीवर वै. मागं बसून बोलतच होती. सिडको येईपर्यंत. तिला आनंद झाला होता आणि तो सांगायला तिला मीच होतो. मी "हं हं" करत राहिलो. हेल्मेटचा एक फायदा असतो, तोंड दिसत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिचा नकाशा उघडून बसलो. पाचोड अगदी चोख. मान्य करावं लागतं. एक-दोन बागा तर अशा पकडल्यात ज्या माझ्या हातून सुटल्या होत्या. (हे इथंच राहू दे.) मग हळूहळू वर सरकत दौलताबादला आलो, तर तिकडं सगळं हिरवं. म्हणजे सगळी मोसंबी. किल्ल्याच्या पायथ्यापासून शरणापूर फाट्यापर्यंत मोसंबीच मोसंबी.

तिथं मोसंबी जवळजवळ नाहीच. ते पेरू आहेत.

लगेच कळलं काय झालंय. माझ्या पाचोडच्या पॉइंटमध्ये एकीकडं मोसंबी आणि दुसरीकडं कापूस, ऊस, तूर. दुसरं फळझाडच नाही. कॉम्प्युटर बिचारा एवढंच शिकला की ओळीनं लावलेली झाडं म्हणजे मोसंबी. परीक्षाही त्याच गावातल्या त्याच बागांवर घेतली, मार्क पडणारच. धड्यातलीच गणितं पेपरात.

पोटात गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला लिहू? किती दिवसांनी डब्याला चव लागली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाण्याचा दिवस. टाकी, ड्रम, बादल्या. वै. गुलमंडीला बाजाराला गेली तशी लॅपटॉप उघडला.

तिच्या एम्बेडिंगला माझे दौलताबादचे पॉइंट जोडून बघितले. उगीच, बघावं म्हणून. कसं करायचं ते तिनंच मागं एकदा दाखवलं होतं, तेव्हा मी ऐकत नसल्यासारखं करत होतो. बादली भरेपर्यंत नकाशा बदलला. दौलताबादची मोसंबी गेली. पेरू वेगळा, सीताफळ वेगळं. दोन्ही बागा एका बांधाला लागून आहेत तिथंसुद्धा रंग बरोब्बर बांधावर बदलत होता.

बघतच बसलो. ड्रम भरून पाणी जिन्यातून खाली वाहत गेलं, शेजारच्या काकू ओरडल्या तेव्हा भानावर आलो.

हे मी एवढी वर्षं मनगट मोडून करत होतो. हिनं ते दोन महिन्यांत शिकून घेतलं, आणि ते बरोबर आहे. चूक असतं तर किती बरं झालं असतं!

पण आता बरोबर नकाशा माझ्याकडं आहे. मंगळवारी मीटिंग. शेतकरी कंपनीचे नाना येणार. वै. तिचा दाखवेल. मग मी बॅगेतून हळूच...

२३ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. मला दोन वाक्यं, मग "सूनबाईला दे." दोघी लई वेळ बोलल्या. ठेवताना आई मला म्हणाली, "तिचं पाचोडचं काम झालं म्हणं. तुझं काय चाललंय?"

माझं काय चाललंय. जळफळाट चाललाय, आई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग झाली. सविस्तर लिहितो.

नाना म्हणजे ठोंबरे नाना, शेतकरी कंपनीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. वै.नं पडद्यावर नकाशा लावला. गडबडली नाही. क्लासची सवय. पाचोड बघून नाना खूश. मग दौलताबाद आलं.

"आरं तिच्या! तिकडं एवढी मोसंबी? मी तर आजवर तिकडं पेरूच बघितले."

मुळे सर हसले. "नाना, आपण रस्त्यावरून बघतो. हे वरून बघितलंय, उपग्रहानं."

"व्हय, तेबी खरं," म्हणून नाना लगेच मानले. "मग नवं केंद्र तिकडंच टाकू की. जागा बघाया रविवारी जातो मी. लांबवत नाय."

वै. मात्र नानांकडं बघत राहिली. पेरू हा शब्द तिला लागला, मला दिसलं. तेवढ्यात सर माझ्याकडं वळले. "साळवे, तुमचं मत? तुम्ही जुने माणूस."

बॅग पायाशी होती. चेन उघडी होती.

मी म्हणालो, "मॅडमचं काम आहे. चांगलंच असणार."

काढला नाही. भीती नव्हती. वाटलं, इथं काढला तर एवढंच होईल की साळव्यांनी दुरुस्ती सुचवली, थँक्यू साळवे, चहा. रविवारी बागेत सगळे उभे असतील, डोक्यावर पेरू लोंबत असतील, तेव्हा काढू. तेव्हा कळेल पॉइंट काय चीज असते.

येताना वै. म्हणाली, "तुम्ही चांगलं बोललात. बरं वाटलं." हेल्मेट होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वै. सकाळपासून तोच नकाशा पुन्हा पुन्हा बघत होती. जेवताना म्हणाली, "मी तपासलं ते पाचोडच्याच बागांवर. तिकडचा एकसुद्धा पॉइंट नव्हता माझ्याकडं. नाना बरोबर असले तर?"

मी पोळी तोडत होतो.

"तुमच्याकडं खरंच काय नाय का तिकडचं?"

"सांगितलं ना एकदा!"

एवढं जोरात बोलायचं कारण नव्हतं. तिनं ताटात वरण वाढलं आणि विषय सोडला.

तिला स्वतःची चूक स्वतःच दिसायला लागलीय, हेही मला सहन होईना. निदान चूक तरी मी दाखवायची होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

"उद्या सुट्टीय. दौलताबादला एक चक्कर मारून येऊ. नाना रविवारी जायच्या आत मला डोळ्यांनी बघायचंय."

मी म्हटलं गाडीचं सर्व्हिसिंग आहे. म्हणाली, रिक्षानं जाते. मी म्हटलं ऊन. म्हणाली, नोव्हेंबरात? शेवटी हो म्हणालो.

आता रविवारचं काय होणार? सगळा बेत... बघू. तिथं मलाही आश्चर्य वाटल्यासारखं करावं लागेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी निघालो. छावणी, पडेगाव, मिटमिटा. वै. मागं मोबाइलवर नकाशा धरून. "आता कुठं वळायचं ते सांगते हां," म्हणत होती.

ती सांगायच्या आत मी वळलो.

लक्षातच आलं नाही. हात आपोआप वळले. पांदीतून आत, मग विहिरीपाशी डावीकडं, मग कडुनिंबाखाली नेहमीच्या जागी गाडी उभी केली. उतरल्यावर बघतो तर वै. मोबाइल खाली धरून माझ्याकडं बघतेय. मी म्हणालो, "अंदाजानं आलो." अंदाजानं!

समोर पेरूची बाग. फळांना फोमच्या जाळ्या घातलेल्या. आश्चर्याचा चेहरा करायला घेतला, तर आतून बागवाले अण्णाच आले.

"आवो सायेब! लई दिसांनी! पुन्हा खुणा मारायला आले का?"

मी काहीतरी पुटपुटलो. अण्णांना उत्साह. वै.कडं वळून म्हणाले, "ताई, हे सायेब मागच्या हिवाळ्यात रोज यायचे. हितलं एक झाड सोडलं नाय. पेरूत उभं राह्यलं की मोबाइल दाबायचा, सीताफळात गेलं की दाबायचा. आमची म्हातारी म्हणायची, ह्यो माणूस झाडांचे फोटो काढतोय का झाडांना फोन लावतोय?"

वै. हसली. खरंच हसली. मग विचारलं, "सगळ्या बागा फिरले होते का हो साहेब?"

"पार शरणापूरपर्यंत! कुठली बाग कुणाची, त्यायला माझ्यापरीस जास्त ठावं असंल."

"हो का," म्हणाली.

अण्णांनी पेरू दिले. तिनं पदरात घेतले, आभार मानले, म्हातारीची चौकशी केली. गाडीवर बसली. एक हात नेहमी माझ्या खांद्यावर असतो. आज मागची दांडी धरून बसली.

घरापर्यंत तशीच. त्यापेक्षा भांडली असती तर...

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठून फाइल तिला पाठवली. मेलवर, काही न लिहिता. पलीकडच्या खोलीत तिचा मोबाइल वाजलेला ऐकू आला.

मग तिनं नानांना फोन केला. "नाना, आज दौलताबादला जाऊ नका. नकाशात चूक आहे, दुरुस्त करून देते... हो, पेरूच आहेत. तुमचंच बरोबर होतं." नाना काय म्हणाले माहीत नाही. फोन ठेवून कामाला बसली. दुपारपर्यंत नकाशा झाला. माझ्याकडं होता तसाच, फक्त जास्त नीटनेटका.

जेवताना विचारलं, "का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलायला गेलो. निघालं भलतंच. "पॉइंट माझे. आकडे फुकटचे. आणि टाळ्या तुला."

कधीपासून आत होतं ते. बाहेर आल्यावर एवढंसं वाटलं.

ती म्हणाली, "मागितले तेव्हा दिले असते तर नकाशावर पहिलं नाव तुमचं असतं. मी सरांशी बोलून ठेवलं होतं."

मला वाटलं होतं ती रडेल नाहीतर चिडेल. मग मलाही चिडता आलं असतं. तिनं ताटं उचलली. मी म्हणालो, राहू दे, मी घासतो. म्हणाली, "नको. तुम्ही बसा." परक्या माणसाला म्हणतात तसं.

मला खरं कशाचं दुखतंय? ती पुढं गेली याचं आहेच. पण तिनं मला सोबत न्यायची तयारी आधीच करून ठेवली होती, आणि मला ती दिसली नाही, याचं जास्त. आणि खरं सांगायचं तर त्याचाही हेवाच वाटतो. मी तिच्या जागी असतो तर तिचं नाव पहिलं टाकलं असतं? शेवटी तरी टाकलं असतं?

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला निघायच्या आधी लिहितोय.

चहा देताना म्हणाली, "सर आज विचारणार. मागच्या मंगळवारी मोसंबी होती, या सोमवारी पेरू कसे झाले? काय सांगू?"

मी कप बघत बसलो.

"पॉइंट आता सापडले म्हणून सांगू? का माझ्याच लक्षात आलं नाही म्हणू? का काय झालं तेच सांगू?" आवाज साधा. भाजीला मेथी आणू का पालक, असं विचारावं तसा. "तुम्ही म्हणाल ते सांगते. पण एकदा सांगितलं की मग तेच. घरी पण तेच."

तीन वाटा तिनं माझ्यापुढं ठेवल्या आणि बाजूला झाली. पहिली खोटी, पण त्यात दोघंही वाचतो. तिसरी खरी, आणि त्यानंतर मुळे सरांकडं मान वर करून बघता येणार नाही. रफिकभाईकडंही.

आणि दुसरी. सांग, तुझ्या लक्षात आलं नाही. तुझी चूक.

ओठांपर्यंत आलं होतं. कालचं सगळं होऊनही. ती समोर उभी होती, तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार, कारण तिनं फक्त मान हलवली, म्हणजे बरं, तसं तर तसं.

मी अजून काहीच बोललो नाहीये. ती चपला घालून दारात थांबलीय.